बालवाडीचा खर्च कोणी सोसला?

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी बालशिक्षणावर चार शब्द लिहावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले. विषय आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आपली मुले-नातवंडे बालवाडीत गेली. कित्येक भगिनींनी तेथे शिकविलेही. परंतु या कामाला सरकारचा पैसा केव्हा व कसा मिळू लागला, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून तेवढाच भाग येथे मांडते.

आरंभ झाला तो ध्येयवेड्या माणसांच्या कष्टांतून. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. शहरातील सुखवस्तू घरांपुरते हे शिक्षण राहू नये, म्हणून ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. परदेशी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा परिसरात सापडेल त्या वस्तूंतूनच त्यांनी साधने केली. पाड्यावरचे मूल शाळेत येत नाही असे दिसताच शाळाच त्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी!

सरकारने प्रथम हात दिला तो अनुदानाच्या रूपाने. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या साह्यासाठी चार कोटी रुपयांची तरतूद होती. काम संस्थांनी करावे, सरकारने थोडी मदत करावी, अशी ही रीत होती. त्यामुळे जेथे संस्था नाही, तेथे बालवाडीही नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाला. एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे ३३ प्रकल्प देशात निघाले. पूरक आहार, लस, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एकाच छपराखाली आले. नाव मिळाले अंगणवाडी. ताराबाई १९७३ सालीच निवर्तल्या होत्या. पुढे २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदा लाख अंगणवाड्यांचा आदेश दिला, तेव्हा ही सोय दयेची न राहता हक्काच्या वाटेवर आली.

येथवरची कथा अभिमानाची आहे. परंतु हिशेबाची वही उलटली की मन खट्टू होते. प्रारंभी मॅट्रिक न झालेल्या सेविकेस दरमहा शंभर रुपये मिळत, तेही पगार म्हणून नव्हे, मानधन म्हणून. २०१८ साली केंद्राने मोठ्या अंगणवाडीतील सेविकेचे मानधन ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. मूळ घटनेच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचा विचार होता. २००२ च्या दुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क मात्र सहा ते चौदा वर्षांच्या मुलांनाच दिला. सहा वर्षांखालील बालक मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले.

मला वाटते, सरकारने ताराबाईंकडून अंगण घेतले आणि त्याबरोबर त्यांचा त्यागही गृहीत धरला. त्याग स्वेच्छेने केला तर शोभतो. लाखो गरीब बायकांवर तो नियम म्हणून लादला, तर ती काटकसर ठरते, आणि तिचा भार शेवटी मुलावर पडतो. रोज आहार वाटायचा, वजने घ्यायची, नोंदी लिहायच्या. मग गाणी-गोष्टींना वेळ उरतो कोठे?

म्हणून भगिनींना माझी विनंती आहे की, जवळच्या अंगणवाडीत एकदा अवश्य जावे. तेथे पाणी आहे का, खेळणी आहेत का, सेविकेचे मानधन वेळेवर येते का, हे विचारावे. आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर मंडळाच्या नावाने अर्ज करावा. बालवाडी बायकांनी उभी केली. तिचा हिशेब मागण्याचा अधिकारही आपलाच आहे.