सामायिक भिंतीचे घर

मिरजेच्या जुन्या पेठांत भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे पाहिली, की आम्हांला लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घराचे स्मरण होते. ओळीने बांधलेली अशी घरे तेथे जॉर्ज राजांच्या काळात (१७१४ ते १८३०) रूढ झाली. १७७४ च्या कायद्याने त्यांच्या चार श्रेणीच ठरविल्या. तळघरात स्वयंपाक, पहिल्या मजल्यावर उंच खिडक्यांचा दिवाणखाना, छपराखाली नोकरांच्या खोल्या. वर जावे तशी खिडकी लहान. श्रेणींची ही उतरंड आपल्यालाही अपरिचित नाही!

किंग हेन्रीज रोडचे घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, पण घडण तीच. तेथे १९२१-२२ मध्ये भीमराव आंबेडकर राहिले. साताऱ्याच्या शाळेत ते गोणपाटावर वेगळे बसत; येथे शेजाऱ्याची आणि त्यांची भिंत एकच होती.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेतले. शेजाऱ्यांना गर्दीची धास्ती वाटली, आणि राहते घर कमी होते म्हणून स्थानिक परिषदेने संग्रहालयास परवानगी नाकारली. घरात माणसे नांदावीत, हा मुद्दा आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. तथापि सुनावणीनंतर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली, ती योग्यच झाली.