शिरगणती आणि नावनिशी

संत लूकने येशूजन्माची कथा सांगताना आरंभीच एका शिरगणतीचा उल्लेख केला आहे. ऑगस्टस सीझरच्या आज्ञेमुळे योसेफ मरियेसह बेथलेहेमला गेला. रोमन दप्तरातील ती नोंद आज कोणाच्याही हाती नाही. त्या प्रवासाची आठवण उरली, ती श्रद्धावंतांच्या समाजाने जपली म्हणून. राज्यकर्ते माणसे मोजतात ती कर आणि कारभार यांच्यासाठी. मोजलेल्यांची नावे पुढच्या पिढ्यांच्या स्वाधीन करणे हा त्यांचा हेतू नसतो. आपल्या घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्याने हा भेद आधीच ध्यानी घेतला, तर त्याचे पुष्कळ श्रम वाचतील.

परदेशी स्थायिक झालेली आपली मुले-नातवंडे आज मोठ्या उत्सुकतेने पूर्वजांविषयी विचारू लागली आहेत. त्यांच्या तेथील मित्रांना पणजोबांचे नाव जुन्या जनगणनेत सहज सापडते, मग आपल्याला का सापडू नये, असे त्यांना वाटते. ते स्वाभाविकच आहे. आयर्लंडमध्ये १९०१ आणि १९११ या दोन्ही जनगणनांची कुटुंबवार पत्रके कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. इंग्लंड व वेल्समधील १९२१ ची पत्रके शंभर वर्षांची मुदत संपल्यावर जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची असून तेथील १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. अर्थात तेथेही सारे सुरक्षित राहिले असे नाही. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ या काळातील बहुतेक पत्रकांची १९२२ साली डब्लिनच्या दफ्तरखान्यात राख झाली, तर इंग्लंड व वेल्सची १९३१ ची पत्रके १९४२ च्या आगीत नष्ट झाली. आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज दर्यावर गेले त्यांच्यासाठी परदेशी दप्तरात एक दार उघडे आहे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या १९१५ सालच्या याद्या संगणकावर विनामूल्य पाहता येतात आणि त्यांत गोव्याच्या खलाशांचीही नावे आढळतात.

परंतु हिंदुस्थानची गोष्ट निराळी आहे. सर्व देशात एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. त्या वेळी आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी प्रगणक आपल्या वाडवडिलांच्या दाराशी आले, त्यांनी माणसे लिहून घेतली. मात्र त्या लिखाणातून आकड्यांची कोष्टके तयार झाली, की मूळ कागदाचे काम संपत असे. ती पत्रके व चिठ्ठ्या जपून ठेवण्याची रीत येथे रुजली नाही. बहुतांश नष्टच करण्यात आल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने तर कलम १५ अन्वये या नोंदी पाहण्यास मनाई केली आणि तिला शंभर वा ७२ वर्षांसारखी मुदतही घातली नाही. तेव्हा येथील जनगणनेत आजोबांचे नाव शोधणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडण्यासारखे आहे.

मग जनगणनेचे जुने अहवाल निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. त्यांच्याकडे नावाची नव्हे, परिस्थितीची विचारणा करावी. १८६४ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला आलेली तेजी युद्ध संपताच ओसरली आणि पोटासाठी शहरात आलेली माणसे पांगली. एखादा पूर्वज त्या सुमारास मुंबईतून गावी परतला असेल, तर त्या परतण्यामागचे एक संभाव्य कारण हे आकडे दाखवतात. १९५१ पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावागावांची लोकसंख्या मिळते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्या काळच्या ख्रिस्ती समाजाचे व्यवसाय व चालीरीती वर्णिलेल्या आहेत. जनगणनेचे जुने अहवाल केंद्र शासनाने आणि गॅझेटियर महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने संगणकावर उपलब्ध केले आहेत. वाचताना दोन गोष्टींचे भान हवे. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मुंबई-साष्टीच्या कॅथॉलिकांनी १८८७ मध्ये स्वीकारले; त्यापूर्वीच्या कागदांत ते शोधू नये. आणि वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असला, तरी जुने कागद ठाण्याच्या नावानेच पाहावे लागतात.

नावे हवी असतील, तर आपल्याच धर्मग्रामाच्या दाराशी यावे लागते. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाची आणि स्नानसंस्काराची नोंद ठेवण्याचा नियम केला. १६१४ मध्ये पोप पॉल पाचवे यांच्या काळात प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथाने धर्मगुरूंना पाच नोंदवह्या ठेवण्यास सांगितले. स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू या चार परिचित आहेत. पाचवी ‘स्टेटस ॲनिमारुम’, म्हणजे आत्म्यांच्या स्थितीचे पुस्तक. तीत प्रत्येक कुटुंब वेगळे मांडावयाचे, दोन कुटुंबांमध्ये जागा सोडावयाची आणि घरातील प्रत्येकाचे नाव, आडनाव व वय लिहावयाचे; घरात राहावयास आलेला परकाही वगळावयाचा नाही. ही शिरगणतीच आहे, पण कर वसूल करण्यासाठी केलेली नव्हे. मेंढपाळाने आपली मेंढरे नावानिशी ओळखावीत, यासाठी ती आहे.

हे पुस्तक प्रत्येक धर्मग्रामात ठेवले गेले वा टिकले असेलच असे नाही. म्हणून शोधाची सुरुवात स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदींपासून करावी आणि ती आजपासून मागे जात करावी. वडिलांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत आजी-आजोबांची नावे मिळतात; आजोबांच्या विवाहाच्या नोंदीवरून त्यांच्या स्नानसंस्काराकडे जाता येते. धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे अवश्य उतरवून घ्यावीत. ती बहुधा नात्यागोत्यातली असतात आणि तुटलेला धागा त्यांच्यावरून जुळतो. समासातील बारीक अक्षरही सोडू नये. पुढे कोठे विवाह झाला, याची टीप तेथे असू शकते. जुन्या नोंदी पोर्तुगीज वा लॅटिन भाषेत असल्या, तरी त्यांचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो. ‘फिल्यु’ म्हणजे मुलगा, ‘पाद्रिन्यु’ म्हणजे धर्मपिता, अशी दहा-वीस शब्दांची ओळख झाली की वाट सापडते.

वही धर्मग्रामात नसेल, तर ती कोणाच्या अधिकाराखाली होती ते पाहावे. वसई-साष्टीची पाद्रोआदोखालील धर्मग्रामे आधी गोव्याच्या आर्चबिशपांकडे, १८८६ नंतर दमण धर्मप्रांताकडे होती आणि १९२८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला. १९१७ च्या धर्मसंहितेने स्नानसंस्कारादी वह्यांची प्रत दरवर्षी बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवण्याचे बंधन घातले होते. गावातील वही वाळवीने खाल्ली असली, तरी अशी प्रत उरली आहे काय, याची चौकशी अवश्य करावी. महसुली दप्तरात गाव नमुना क्रमांक १४ ही जन्म-मृत्यूची जुनी वहीही असते. ती तहसील कचेरीत पाहता येते.

एक मर्यादा मात्र पाळली पाहिजे. या वह्या सार्वजनिक वाचनालयातील पुस्तके नव्हेत. त्यांत कोणाच्या जन्माचे, कोणाच्या विवाहाचे नाजूक तपशील असतात. धर्मगुरूंकडे पत्राने विनंती करावी, अंदाजे साल कळवावे आणि ते जेवढा उतारा देतील तेवढ्यावर समाधान मानावे. उच्च कुळाचा दाखला मिळवण्यासाठी तर तेथे जाऊच नये. एकाच पानावर सावकाराचा मुलगा आणि मिठागरावरच्या मजुराची मुलगी एकाच विधीने, एकाच शाईने लिहिलेली असतात, हीच त्या वहीची खरी शिकवण आहे.

शासनाने आपले पूर्वज मोजले आणि नावे टाकून दिली. ख्रिस्तसभेने नावे लिहिली, पण ती ज्या कागदावर आहेत तो कागद ओल आणि कसर यांच्या तोंडी आहे. १९८३ ची धर्मसंहिता जुन्या वह्या काळजीपूर्वक जपण्यास सांगते. हे ओझे एकट्या धर्मगुरूंवर टाकून चालणार नाही. धर्मग्रामातील शिक्षकांनी, तरुणांनी त्यांच्या परवानगीने प्रत्येक पानाची छायाचित्रे घ्यावीत, कोरडे कपाट द्यावे. आणि पुढील जनगणनेचा प्रगणक येऊन जाईल, त्या संध्याकाळी प्रत्येक घराने एका वहीत आपल्या माणसांची नावे, जन्मगावे आणि माहेरची आडनावे स्वतःच्या हाताने लिहून ठेवावीत. शासनाच्या कोष्टकात त्या घराचा एक आकडा होईल. नावे त्या वहीतच उरतील.