शेवाळ, किल्ला आणि काचेतले तळे

मराठीत 'शेवाळ' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरतो. पाण्याच्या टाकीला आतून धरणारा हिरवा बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ, आणि पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर मखमलीसारखे पसरते तेही शेवाळच. उर्दूतही बोलताना दोन्हींना 'काई' म्हणून मोकळे होतात. नववीच्या विज्ञानात मात्र पोरांना फरक शिकवावा लागतो. पहिले शैवाल, म्हणजे थॅलोफायटा. दुसरे मॉस, म्हणजे ब्रायोफायटा.

घरात काचेची मत्स्यपेटी ठेवणाऱ्याला हा फरक पुस्तकाशिवाय कळतो. पहिले शेवाळ तो दर आठवड्याला खरवडून काढतो आणि दुसरे पैसे देऊन विकत आणतो. दगडाला, लाकडाला दोऱ्याने बांधून पाण्यात सोडतो. जे आपण दारातून घासून टाकतो ते दिवाणखान्यातल्या सजावटीत कसे आले, याचा इतिहास मजेशीर आहे. तो आपल्या जिल्ह्यातल्या तलावांपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून सांगण्यासारखाही आहे.

सुरुवातीला सजावट पाण्याची नव्हती, माशाचीच होती. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी, सोंग राजवटीत, सोनेरी मासे हौसेने पाळले जाऊ लागले. पुढे ते मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांत आले. भांडे अपारदर्शक, त्यामुळे मासा वरूनच बघायचा. आपल्याकडे फ्रेंच प्रवासी बर्निए औरंगजेबाच्या लवाजम्यासोबत काश्मीरला गेला होता. अच्छाबलच्या पुढे एका शाही बागेत त्याने असे मासे पाहिले की हाक मारली किंवा भाकरीचा तुकडा टाकला की ते जवळ येत. त्यांतल्या मोठ्या माशांच्या कल्ल्यांत अक्षरे कोरलेल्या सोन्याच्या कड्या होत्या. त्या नूरजहाँने घातल्या, असे लोक सांगत, असे तो लिहितो. बादशाही शौक म्हणून वाचायला छान वाटते. पण ती कडी बघणाऱ्यासाठी होती. माशाला तिचा काय उपयोग?

हा प्रश्न उलटा करणारा माणूस राजा नव्हता, लंडनचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. रॉबर्ट वॉरिंग्टन त्याचे नाव. त्याने साधारण ५५ लिटरच्या काचेच्या भांड्यात वाळू, माती, दगड घातले, दोन लहान सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली. फितीसारख्या लांब हिरव्या पानांची ही वनस्पती. कल्पना सोपी होती : मासा श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो वनस्पती घेईल, वनस्पती ऑक्सिजन देईल, मग पाणी सारखे बदलावे लागणार नाही. काही दिवसांनी पाने कुजली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, पाणी निवळले, आणि गोगलगायींची अंडी माशांच्या पोटात गेली. १८५० साली त्याने हे प्रयोग छापले. मासा, वनस्पती आणि सफाई करणारा जीव, हे तिघे एकमेकांना सांभाळतात, हे काचेतून डोळ्यांनी दिसू लागले.

काळही अनुकूल होता. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि तो शब्द घरोघरी गेला.

शब्द घरी गेला तसे घरही पेटीत शिरले. पडके किल्ले, कमानी, शंख-शिंपले, पुढे प्लॅस्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या आणि उघडझाप करणारी खजिन्याची पेटी. वॉरिंग्टनने ज्या कामासाठी वनस्पती ठेवली होती, ते काम विजेवरचे पंप आणि फिल्टर करू लागले. वनस्पती नसली तरी चालते, असे वाटू लागले. सजावट पुन्हा बघणाऱ्याची झाली.

महाराष्ट्राची या छंदाशी मोठी ओळख झाली ती मुंबईत मरीन ड्राइव्हवर, १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीमुळे त्याला हे नाव मिळाले. मत्स्यव्यवसाय खात्याचे हे मत्स्यालय राज्यभरातल्या किती शाळांच्या सहलींनी पाहिले असेल! विदर्भातल्या पोरांनी समुद्राचा मासा जिवंत पाहिला तो बहुधा तिथेच.

मॉसचा जमाना मात्र जपानमधून आला. ताकाशी अमानो हा निइगाताचा माणूस, १९५४ चा जन्म. आधी व्यावसायिक सायकलपटू, मग जंगलांचा छायाचित्रकार. जंगलात पाहिलेले त्याला काचेत उभे करायचे होते. त्याने पेटीतून किल्ला काढला. ठेवले ते दगड, ओंडके आणि हिरवळ. 'रिक्सिया' ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती त्याने दगडाला बांधून तळाशी ठेवली, आणि तिच्या पानांवर ऑक्सिजनचे मोत्यासारखे थेंब चमकू लागले. नववीच्या मुलांनो, ही तीच रिक्सिया, जिचे नाव ब्रायोफायटाची उदाहरणे म्हणून तुम्ही पाठ करता! नको असलेले शैवाल खायला त्याने बारीक कोळंबी सोडली. वॉरिंग्टनच्या गोगलगायीचे काम आता कोळंबी करत होती. २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने ४० मीटर लांबीची पेटी सजवली. त्याच वर्षी तो वारला.

घरगुती पेटीत आज सर्वांत जास्त दिसते ते जावा मॉस. मूळचे आग्नेय आशियातले. त्याला खरी मुळे नसतात, म्हणून माती लागत नाही. बारीक धाग्यांनी ते दगड-लाकडाला धरून राहते आणि पाण्यातले अन्न थेट अंगाने घेते. कमी उजेड चालतो. त्याच्या गुंत्यात पिल्ले लपतात, माशांची अंडी अडकतात, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, जे पिल्लांचे पहिले अन्न असते. किल्ल्याच्या खिडकीतून मासा आरपार गेला की आपल्याला मजा वाटते. मॉसमध्ये शिरला की त्याचे पोट भरते.

आपल्या कोरपना तालुक्यात याला एक स्थानिक बाजू आहे. इथे जमिनीखाली चुनखडी, म्हणून तर सिमेंटचे कारखाने. हाच दगड नाल्यातून उचलून पेटीत ठेवला तर तो हळूहळू विरघळतो आणि पाणी आणखी जड करतो. दगडावर व्हिनेगर टाकून बघावे. फसफसला तर चुनखडी. नवा सिमेंटचा शोभेचा किल्लाही पाण्यात चुना सोडतो, म्हणून तो आधी कित्येक दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. जावा मॉस जड पाण्यातही तग धरते, ही आपली सोय.

आता काचेबाहेर येऊ. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेला नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे आणि गडचिरोली, भंडारा, गोंदियात मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले. तिथे मासे धरणाऱ्या ढिवर समाजाला कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत. वॉरिंग्टनने भांड्यात लावली तसली व्हॅलिसनेरिया या तलावांत आपोआप उगवते. मालगुजारी गेली, गाळ साचला, बेशरम माजली, बाहेरचे मत्स्यबीज आले, आणि पाण्याखालची हिरवळ कमी होत गेली. भंडारा-गोंदियात 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'ने ढिवर स्त्री-पुरुषांसोबत उपाय केला तो असा : बेशरम उपटायची, उन्हाळ्यात तलावाच्या काठची कोरडी जमीन नांगरायची आणि पावसात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. देशी मासे परतले, पक्षीही परतले. अमानोने पेटीत केले ते या लोकांनी तलावात केले, आणि शोभेसाठी नाही, पोटासाठी.

याची उलटी बाजूही चंद्रपुरातच आहे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांवर भाळून शोभेची वनस्पती म्हणून ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आणली गेली. चंद्रपूरच्या रामाळा तलावाचा श्वास कोंडला तो तिने आणि शहराच्या सांडपाण्याने. हा तलाव वाचावा म्हणून २०२१ मध्ये 'इको-प्रो' संस्थेला उपोषण करावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेत मत्स्यपेटीसाठी विकल्या जाणाऱ्या 'मॉस बॉल'मध्ये परदेशी शिंपले सापडले आणि दुकानांना ते गोळे मागे घ्यावे लागले. मोठा झालेला सकर मासा लोक दया म्हणून तलावात सोडतात, तो उजनीच्या पाण्यात पसरला आहे.

मत्स्यपेटी जरूर ठेवावी. मुलांना अख्खे तळे एका काचेत दाखवणारे याहून स्वस्त साधन नाही. फक्त छाटलेले मॉस, नको झालेली वनस्पती, मोठा झालेला मासा नाल्यात किंवा तलावात टाकू नये. वनस्पती उन्हात कडकडीत वाळवून खड्ड्यात पुरावी, मासा दुकानदाराला परत द्यावा. काचेत जे शोभते ते तलावातही शोभेलच असे नाही, आणि आपल्या तलावाला लागणारी हिरवळ त्याच्या तळाच्या मातीत आधीपासूनच आहे.