प्रभामंडळाच्या काचा आणि संगणकातील मांडणी

दिनांक 22 जानेवारी 1898 रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून वऱ्हाड-नागपूरकडे गेला. विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉकियर, जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी दादाभाई नायगमवाला व लिक वेधशाळेचे कॅम्बेल, तर वऱ्हाडातील तळणी येथे ॲनी माँडर यांनी तळ दिला होता. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ही लोकप्रिय समजूत निराधार आहे, ती वर्णरेषा लॉकियर यांनी 1868 मध्ये इंग्लंडमध्येच अभ्यासली होती.)

खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. सूर्यालगतचे प्रभामंडळ तेजस्वी, बाहेरचे अत्यंत क्षीण; एकाच प्रकाशनकालात दोन्ही नीट उतरत नाहीत. म्हणून कमीअधिक प्रकाशनकालाच्या अनेक काचा घेतल्या जात. माँडर यांनी केवळ दीड इंच व्यासाच्या भिंगातून सूर्यापासून कित्येक सूर्यव्यास दूर गेलेला प्रभाशर टिपला. असा तपशील छपाईत टिकत नसे. त्यामुळे डब्ल्यू. एच. वेस्ली अनेक ऋणप्रती समोर ठेवून प्रभामंडळाचे एकच चित्र हाताने रेखाटीत. कोणता तपशील ठेवावयाचा, हा निर्णय उघड होता आणि तो घेणाऱ्याचे नावही ज्ञात होते.

आज वेस्लींचे काम संगणकप्रणाली करते, परंतु तिचे निर्णय 'प्रेफरन्सेस'च्या खिडकीत दडलेले असतात. आवृत्ती अद्ययावत केली की त्यांतील काही मूळपदावर येतात, काहींचा अर्थच पालटतो. 2018 मध्ये आलेल्या गिम्प 2.10 ने प्रतिवर्ण आठ बिटांची मर्यादा ओलांडली. त्याच वेळी थरांच्या मिश्रणाच्या काही पद्धती रेषीय प्रकाशमूल्यांवर चालू लागल्या. परिणामी त्याच थरांची, त्याच क्रमाने केलेली जुळणी निराळी दिसू शकते.

न्हावा शेवासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक बिकट होतो. 1989 पासून कार्यरत असलेल्या बंदराच्या दिव्यांनी उजळलेले आकाश छायाचित्रातून वजा करावे लागते. वजाबाकीची पातळी किंचित चढली तरी तेजोमेघाची क्षीण कडा प्रकाशप्रदूषणाबरोबरच पुसली जाते. अद्ययावतीकरणापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवून विद्यार्थी 'बदल' मोजू लागला, तर तो आकाशातला की प्रणालीतला, हे कसे ठरवावे?

1981 मध्ये मांडल्या गेलेल्या फिट्स या संचिकाप्रकाराच्या शीर्षभागात 'हिस्टरी' नावाची नोंद राखीव आहे. तथापि पडद्यावरील ताण वा रंगव्यवस्थापन तेथे आपोआप उतरेलच असे नाही. महाविद्यालयीन प्रकल्पवहीत प्रणालीचा आवृत्तिक्रमांक, पार्श्वभूमीची पातळी आणि ताणाची मूल्ये हाताने लिहून घ्यावीत. अद्ययावतीकरणापूर्वीची मांडणी-संचिका मूळ, असंस्कारित छायाचित्रांसह जपावी.