भरतीचा बाजार

थायलंडांत, म्हणजे जुन्या सयाम देशांत, जाऊन आलेल्या प्रवाशाच्या बोलण्यांत तेथील तरत्या बाजाराचें वर्णन हटकून येतें. बँकॉकहून पहांटे निघावें, वाटाड्या सांगेल त्या धक्क्यावर लांबट होडींत बसावें, होड्यांत मांडलेलीं फळें, नारळ, भाजी आणि होडींतच शिजत असलेलें अन्न पाहात कालव्यांतून पुढें सरकावें व दुपारीं परत फिरावें, असा त्या एका दिवसाच्या सहलीचा क्रम असतो. ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथील गृहस्थ अशी सहल करून घरीं परततो, तेव्हां त्याच्या मनांत एक प्रश्न सहजच उभा राहतो. उल्हास नदी त्याच्या गांवावरून वाहते. ठाण्याची खाडी त्याला आगगाडीच्या खिडकींतून रोज दिसते. मग असा बाजार येथें कां नाहीं? पूर्वीं तो होता काय? आणि असल्यास तो बुडाला कसा?

या प्रश्नाला सामान्यतः दोन तयार उत्तरें मिळतात. पहिलें अभिमानाचें : जें जें परदेशीं आहे, तें तें सर्व एके काळीं येथेंही होतें. दुसरें हळहळीचें : जें होतें, तें सारें आगगाडीनें नेलें. दोन्ही उत्तरें ऐकावयास बरीं वाटतात. परंतु इतिहासाच्या कसोटीस त्यांपैकीं एकही पुरतें उतरत नाहीं.

प्रथम पाण्याचाच विचार केला पाहिजे. बाजार माणसें भरवितात खरीं, पण पाण्यावरच्या बाजाराचे नियम पाणीच ठरवितें. सयामांतील दमनोएन सदुआक हा प्रसिद्ध बाजार ज्या कालव्यावर भरतो, तो १८६६ ते १८६८ या काळांत मेक्लाँग व ताचीन या दोन नद्या जोडण्यासाठीं मुद्दाम खणलेला आहे. त्याची लांबी सुमारें ३२ किलोमीटर. अशा कालव्याचें पाणी संथ असतें. श्रीनगरला दल सरोवरावर पहांटे होड्यांतून भाजीचा बाजार भरतो. तेंही पाणी स्थिर. विक्रेत्याची होडी आणि गिऱ्हाइकाची होडी या दोन्ही तेथें वाटेल तितका वेळ शेजारीं शेजारीं उभ्या राहूं शकतात.

उल्हास नदीची गोष्ट निराळी. सह्याद्रींत राजमाचीच्या बाजूस उगम पावून कर्जत-बदलापुरावरून ती कल्याणला येते, आणि तेथून खालीं ती नदी कमी व खाडी अधिक होते. ठाण्याच्या उत्तरेस तिला दोन वाटा फुटतात. मोठी वाट घोडबंदरावरून वसईला समुद्रास मिळते. दुसरी अरुंद वाट ठाण्याच्या खाडींतून मुंबई बंदरांत उतरते. या दोन्ही वाटांनीं समुद्र दिवसांतून दोनदां आंत येतो व दोनदां बाहेर जातो. मुंबई बंदरांत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळींत पंधरा-सोळा फुटांपर्यंत अंतर पडतें. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तें बरेंच कमी होतें. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. जेथें सकाळीं मचवा तरंगत होता, तेथें दुपारीं ढोपरभर चिखल. अशा पाण्यावर नित्य ठराविक वेळीं, ठराविक जागीं होड्यांचा बाजार मांडणें कोणासही साधणारें नव्हतें. म्हणून अभिमानाचें उत्तर आरंभींच बाजूला ठेवावें लागतें. सयामी धर्तीचा तरता बाजार कल्याण-ठाण्यास भरत असे, असें मानण्यास आधार नाहीं.

येथें होता तो भरतीचा बाजार. या बाजारांत होडी हें दुकान नव्हतें, ती गाडी होती. दुकान कांठावर, बंदरांत होतें. भरतीबरोबर मचवे व पडाव वर कल्याणकडे चढत, माल उतरवीत, नवा माल भरीत, आणि ओहोटी लागली कीं तिच्याबरोबर खालीं येत. वारा पडला तरी पाणी ओझें वाहून नेई. तांडेलाला तिथि पाहावी लागे ती मुहूर्तासाठीं नव्हे. तिथि कळली कीं पाण्याची वेळ कळे. तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो, हा हिशेब या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या घरांत अजून ठाऊक आहे. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. खाडींत जितकें आंत जावें, तितका उशीर त्यांत मिळवावा. पंचांगाचा इतका रोकडा उपयोग दुसऱ्या कोणत्या धंद्यांत क्वचितच झाला असेल. ज्या बाजाराची घटका चंद्रानें ठरावी, त्याला शहरी घड्याळाची गरज नव्हती.

हा क्रम किती जुना, हें कल्याणच्या इतिहासावरून कळतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दीनें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या वर्णनांत सोपारा व कल्याण हीं नांवें जवळजवळ आलीं आहेत. कल्याण ही पूर्वीं उघडी, मान्य पेठ होती. पुढें सत्ता पालटली आणि तेथें चुकून शिरलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जाऊं लागलीं, असें तो सांगतो. म्हणजे बाजार पाण्यावर चाले, पण त्याची किल्ली राजाच्या हातीं असे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणारे म्हणून कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं व कारागिरांचीं नांवें कोरलेलीं आहेत. सहाव्या शतकांतील कॉस्मस या प्रवाशाच्या ग्रंथांत जी ‘कल्लियाना’ येते, ती बहुतेक अभ्यासकांच्या मतें हेंच कल्याण होय. तेथून पितळ, शिसवी लांकूड व कापड बाहेर जाई, असें तो लिहितो.

हा माल खाडींत उगवत नव्हता. तो घाटावरून येई. जुन्नरहून नाणेघाट उतरून मुरबाडवरून कल्याणला येणारी वाट सातवाहनकाळापासून चालू होती. घाटांतील शिलालेख आणि लोक ज्याला जकातीचा रांजण म्हणतात तो दगडी रांजण आजही तेथें आहे. बैलांचे तांडे ही वाट तुडवीत कल्याणला थांबत. तेथें ओझें बैलाच्या पाठीवरून उतरून होडींत चढे. पाय आणि पाणी यांची गांठ जेथें पडली, तेथें पेठ वाढली. कल्याणच्या भरभराटीचें सारें रहस्य या एका गोष्टींत आहे, आणि पुढें तिच्या ओहोटीचें कारणही येथेंच सांपडतें.

शिलाहारांच्या काळीं ठाणें, म्हणजे श्रीस्थानक, राजधानी झालें. त्या वैभवाचा साक्षीदार असलेलें अंबरनाथचें शिवमंदिर उल्हासला मिळणाऱ्या वालधुनीच्या तीरीं उभें आहे. त्यांतील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें ठाण्याच्या व्यापाराची नोंद केली, तशी त्या बाजूच्या चांच्यांचीही केली. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठी आरमाराचीं पहिलीं जहाजें याच खाडींच्या आश्रयानें बांधलीं गेलीं. सागवानाचें रान पाठीशीं आणि समुद्र पुढ्यांत, अशी जागा शोधूनही सांपडली नसती.

१६७५ मध्यें जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून निघाला. मुंबईहून त्यानें होडी धरली, ठाण्यावरून तो कल्याणला आला, आणि मग जमिनीची वाट चालूं लागला. कल्याणांत त्यानें जुन्या इमारतींचे भव्य अवशेष पाहिले व त्यांचें वर्णन आपल्या ग्रंथांत केलें. लढायांनीं शहर खचलें होतें. परंतु मुंबईहून देशावर जाणाऱ्या माणसाला वाट कल्याणवरूनच होती, आणि ती पाण्याचीच होती. पोर्तुगीजांनीं १७३० मध्यें ठाण्याचा किल्ला बांधावयास घेतला, १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें जिंकलें, १७७४ च्या डिसेंबरांत तें इंग्रजांनीं घेतलें. ज्याच्या हातीं खाडी, त्याच्या हातीं जकात, हें त्या तिघांनाही पक्कें ठाऊक होतें.

आतां हळहळीच्या उत्तराकडे वळावें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. चौदा डबे, तीन एंजिनें, सुमारें चारशें निमंत्रित आणि एकवीस मैलांचें अंतर. पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, खाडीवरील पूल ओलांडून गाडी कल्याणला पोहोंचली. तथापि खरा आघात या दोन तारखांनीं झाला नाहीं. तो झाला १८६३ मध्यें बोरघाट आणि १८६५ मध्यें थळघाट आगगाडीला खुला झाला तेव्हां. तोंवर देशावरचा माल कल्याणला उतरणें क्रमप्राप्त होतें. त्यानंतर खानदेश-वऱ्हाडचा कापूस कल्याणच्या स्टेशनांतून न उतरतां थेट मुंबईच्या गोदींत जाऊं लागला. ज्या सांध्यावर पेठ उभी होती, तो सांधाच निखळला. कल्याण मोठें जंक्शन झालें. परंतु जंक्शन म्हणजे बंदर नव्हे. जंक्शनांत माल बदली होतो, त्याचा सौदा होत नाहीं.

इतकें कबूल केलें तरी आगगाडीनें खाडी रिकामी केली, हें म्हणणें खरें नाहीं. जो माल वजनानें जड, किमतीनें हलका आणि घाई नसलेला, तो पाण्यावरच राहिला. भांडुप-मुलुंडपासून भाईंदर-वसईपर्यंत पसरलेल्या मिठागरांचें मीठ, नदीच्या पात्रांतील रेती, विटा, कौलें, गवत, जळाऊ लांकूड हीं सर्व पडावांतून चालत राहिलीं. याची साक्ष कागदांपेक्षां गांवांचीं नांवें अधिक ठळकपणें देतात. कल्याणला, डोंबिवलीला, मुंब्र्याला ‘रेतीबंदर’ आहे. ठाण्याच्या चेंदणीच्या कोळीवाड्याला बंदर होतें. रेतीसाठीं खाडींत बुडी मारून बादलीनें तळ उपसणारे मजूर या भागांत विसाव्या शतकांतच नव्हे, तर त्यानंतरही होते. मुंबईचीं घरें उभीं राहिलीं त्यांत या बुडीचा वांटा आहे; त्याचा शिलालेख मात्र कोणी कोरला नाहीं.

मग हा व्यवहार थांबला केव्हां? त्याचें उत्तर शोधण्यासाठीं ठाण्याच्या पश्चिमेस, येऊरच्या डोंगराच्या बाजूला जावें लागतें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजीं स्थापन झालें, आणि त्याची पहिली वसाहत म्हणजे वागळे इस्टेट. तेथील रस्त्यांना नांवें नाहींत, क्रमांक आहेत. आणि मालाच्या वाटा सर्व आग्रा रोडकडे जातात. खाडी तेथून अवघ्या दोन-तीन मैलांवर. पण माल पाण्याकडे जावा असा विचार त्या आंखणींत नव्हता. त्यांत आंखणाऱ्यांचा दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. मोटार-ट्रक कारखान्याच्या दाराशीं उभा राहतो, रात्रीं निघतो, तिथि विचारीत नाहीं. ठरलेल्या तासाला भोंगा वाजणाऱ्या कारखान्याला रोज पन्नास मिनिटें सरकणारें पाणी कसें परवडावें? आगगाडीनें बंदराचा मोठा व्यापार नेला. उरलेला किरकोळ व्यवहार ट्रकनें नेला. शेवटचा घाव मात्र गाळानें व सांडपाण्यानें घातला. वालधुनी व उल्हास यांत कारखान्यांचें व शहरांचें पाणी मिसळत गेलें, आणि ज्यांच्या जाळ्यांना नदी हेंच शेत होतें, त्या कोळी व आगरी कुटुंबांनीं एकामागून एक होड्या कांठावर ओढून ठेवल्या. बाजार गेल्याचें दुःख प्रवाशाला सहलीनंतर होतें. या घरांना तें पिढी-दोन पिढ्या आधींच झालें होतें.

आज वागळे इस्टेटीतही बरेच कारखाने जाऊन कचेऱ्या आल्या आहेत, आणि रस्ते इतके तुंबले आहेत कीं लोक पुन्हां पाण्याकडे पाहूं लागले आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानें देशांतील १११ जलमार्ग जाहीर केले. त्यांत वसईची खाडी व उल्हास नदी धरून कल्याण-ठाणें-मुंबई हा मार्ग ५३ वा आहे. २०२४ मध्यें वसई-भाईंदर अशी मोटारी वाहणारी बोट सुरूं झाली. या योजनांचें यश धक्के किती बांधले यापेक्षां गाळ, सांडपाणी आणि भरतीची वेळ यांच्याशीं कसें जमवून घेतलें, यावर ठरेल. जुन्या तांडेलांना हें सांगावें लागलें नसतें.

वाटाड्यासह होडींतून एक दिवसाची सहल मात्र या खाडींतही आतां करतां येते. ठाण्याच्या खाडीचा १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्यें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ मध्यें त्यास रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऐरोलीहून पक्षी पाहण्यासाठीं होड्या सुटतात. त्यांत विकावयास कांहीं नसतें. सयामांतही रस्ते झाल्यावर कालव्यांवरील बाजार ओसरले, आणि आज तेथें जें दिसतें त्यांतला बराच भाग प्रवाशांसाठींच टिकून आहे. तेव्हां या बाबतींत दोन देशांत फारसें अंतर राहिलेलें नाहीं.

एक फरक मात्र आहे. ऐरोलीची होडी केव्हां सुटणार हें विचारलें, तर रोज एकच वेळ सांगतां येत नाहीं. त्या दिवसाची भरती केव्हां, तें पाहून ती ठरते. शहरांतून घड्याळ पाहून आलेल्या मंडळींना धक्क्यावर थोडें थांबावें लागतें. कल्याणच्या बंदरांत मीठ भरून पडाव असेच थांबत असत.