गलाईवाले (तळटीप)

* गलाईवाले : सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देणारे कारागीर. लेखकाने त्यांना सराफांत धरले आहे. वस्तुतः सराफ हे त्यांचे गिऱ्हाईक. गलाईवाल्यांची मूळ गावे सांगलीतील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातील माण, खटाव या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहेत. जिरायती ज्वारी-बाजरीवर वर्ष निभत नसे. १९७२ च्या दुष्काळानंतर तर बाहेर पडणाऱ्यांचा ओघ वाढला. एकाने केरळात किंवा तमिळनाडूत भट्टी लावायची, मग भाऊ, मेहुणा, भाचा बोलावून घ्यायचा, अशी ही वाट दक्षिणेत पोचली, उत्तरेतही गेली. काम कौशल्याचे. अशुद्ध सोन्यात साधारण तिप्पट चांदी वितळवून मिसळतात. नायट्रिक ॲसिडात चांदी-तांबे विरघळते, सोने उरते. द्रावणात तांब्याचा पत्रा ठेवला की चांदीही खाली बसते. या कामात उठणारा तांबूस धूर फुप्फुसांना घातक असतो. गलाईच्या यशोगाथांत त्याचा उल्लेख हवाच. स्थलांतराच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात : चीनच्या उत्तरेकडून युद्धे-अस्थैर्यामुळे दक्षिणेला सरकलेले हक्का लोक तिथेच कायमचे वसले. गलाईवाल्यांपैकी अनेकांनी मात्र गावची जमीन आणि जत्रेची वर्गणी सोडलेली नाही. — संपादक