एक यंत्र, अनेक भाव

रत्नागिरीचा हापूस पुण्यात महाग मिळतो, दुबईत त्याहून महाग मिळतो, आणि त्याबद्दल कुणी फारशी तक्रार करत नाही. पेटी वाहून न्यावी लागते, वाटेत काही फळं नासतात, अडत्याची अडत, हमालाची हमाली, विमानाचं भाडं असं सगळं त्यात येतं. अंतर वाढलं की भाव वाढणार, हा हिशोब आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पण एकाच कंपनीचं, एकाच मापाचं, कधीही न नासणारं यंत्र शेजारशेजारच्या दोन देशांत दीडपट फरकानं विकलं जातं, तेव्हा हा हिशोब चालत नाही. मग तो फरक येतो कुठून?

टीव्हीला जोडून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, ज्याला मुलं कन्सोल म्हणतात, त्याच्या किमतींचा इतिहास मला या प्रश्नापायी वाचावासा वाटला. मी कवितेचा माणूस, मला त्या खेळात गती नाही. पण 'भाव' या शब्दाशी माझा रोजचा संबंध. मराठीत बाजारातलाही भाव आणि मनातलाही भाव. कन्सोलच्या गोष्टीत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत.

सुरुवात १९९४ च्या जपानपासून करू. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सेगा कंपनीनं आपलं 'सॅटर्न' हे यंत्र ४४,८०० येनला बाजारात आणलं. दहा-बारा दिवसांत सोनीचं 'प्लेस्टेशन' आलं, ३९,८०० येनला. पुढच्या वर्षी मे महिन्यात लॉस एंजलिसच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनात सेगानं जाहीर केलं की सॅटर्न अमेरिकेत आजपासूनच मिळेल, किंमत ३९९ डॉलर. त्यानंतर सोनीच्या भाषणाची वेळ आली. स्टीव्ह रेस नावाचे अधिकारी व्यासपीठावर आले, '२९९' एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आकड्याचं ते भाषण या धंद्यात अजून सांगितलं जातं.

पण गंमत पुढेच आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये प्लेस्टेशन अमेरिकेत २९९ डॉलरला आलं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिटनमध्ये २९९ पौंडांना. आकडा तोच, चिन्ह तेवढं बदललं. त्या वेळी एका पौंडाला दीड डॉलरहून जास्त पडत. ब्रिटनच्या छापील किमतीत तेव्हा साडेसतरा टक्के व्हॅट धरलेला असे, अमेरिकेत विक्रीकर वरून लागतो, हे खरं. तरी तो कर वजा केला, तरीही ब्रिटिश बापाला अमेरिकन बापापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश रक्कम जास्त मोजावी लागली. किंमत ठरवताना गिऱ्हाइकाची सहनशक्तीही मोजली जात होती, असंच म्हणावं लागेल.

या धंद्याची रचना समजून घेतली की बऱ्याच गोष्टी उलगडतात. कंपनी यंत्रावर फारसं कमावत नाही, कित्येकदा सुरुवातीला पदरमोड करूनच ते विकते. खरी कमाई त्यावर चालणाऱ्या खेळांवर. प्रत्येक खेळामागे, तो दुसऱ्यानं बनवलेला असला तरी, यंत्रवाल्या कंपनीला हिस्सा मिळतो. म्हणून यंत्र जास्तीत जास्त घरांत शिरलं पाहिजे. सुरुवातीला हौशी गिऱ्हाइकाकडून जास्त घ्यायचं, मग किंमत उतरवत मध्यमवर्गापर्यंत आणि शेवटी गरिबापर्यंत पोचायचं, ही चाल. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आलं, २००२ मध्ये १९९ झालं, २००९ मध्ये ९९. थांबणाऱ्याला स्वस्त मिळणार, हा या बाजाराचा अलिखित करार होता.

स्पर्धक अंगावर आला, की हा उतार एकदम घसरगुंडी होई. निन्टेन्डो ६४ हे यंत्र मार्च १९९७ मध्ये ब्रिटनला २५० पौंडांच्या आसपास विकायला आलं आणि दोनेक महिन्यांत १५० वर उतरलं. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स १४ मार्च २००२ ला युरोपात आलं, ४७९ युरोंना. युरोच्या नोटा लोकांच्या हातात येऊन तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. पूर्वी मार्क, फ्रँक, लिरा यांच्या गर्दीत किमतींची तुलना अवघड जाई. आता पॅरिस आणि बर्लिनच्या दुकानांतल्या चिठ्ठ्या एकाच भाषेत बोलत होत्या. यंत्र अपेक्षेइतकं खपेना. सहा आठवड्यांत, २६ एप्रिलला, किंमत २९९ युरो झाली. पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून १८० युरो जास्त मोजणाऱ्यांचा संताप शमवायला कंपनीनं त्यांना दोन खेळ आणि एक कंट्रोलर मोफत देऊ केला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत सोनीनं शंभर डॉलर उतरवले, दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं तेवढेच उतरवले, आणि आठवडा उलटण्याच्या सुमारास निन्टेन्डोनं गेमक्यूब १९९ वरून १४९ वर आणलं. कपातीचा निर्णय कचेऱ्यांत झाला खरा, पण कंपन्यांना तो घ्यायला लावला शेजारच्या दुकानानं.

आता प्रश्न असा, की एका देशात स्वस्त आणि शेजारी महाग असेल, तर एखादा हुशार व्यापारी इथून उचलून तिथे का विकत नाही? उचलतो की! त्याला समांतर व्यापार म्हणतात. पाणी उताराकडे धावतं, तसा माल महाग गावाकडे धावतो आणि दोन्हीकडचा भाव हळूहळू सारखा होतो. तो तसा होऊ नये, म्हणून काय केलं गेलं, याची सविस्तर नोंद एका खटल्यानं आपल्यासाठी ठेवली आहे.

३० ऑक्टोबर २००२ रोजी युरोपीय आयोगानं निन्टेन्डो आणि तिचे युरोपातले सात वितरक यांना मिळून १६ कोटी ७८ लाख युरोंचा दंड ठोठावला. त्यातले सुमारे १४ कोटी ९० लाख एकट्या निन्टेन्डोचे. १९९१ ते १९९८ या काळात निन्टेन्डोच्या काही वस्तू ब्रिटनमध्ये जर्मनी आणि हॉलंडपेक्षा ६५ टक्क्यांपर्यंत स्वस्त होत्या. तो माल महाग देशांकडे वाहू नये, म्हणून कंपनी आणि वितरक यांनी संगनमत केलं होतं. प्रत्येक वितरकानं आपल्या हद्दीतून माल बाहेर जाऊ द्यायचा नाही. कुठे माल झिरपला, तर तो कुणाकडून आला याचा माग काढायचा. सापडलेल्या व्यापाऱ्याला पुढच्या वेळी कमी माल द्यायचा, नाहीतर त्याचा पुरवठाच तोडायचा. ब्रिटनचा वितरक जॉन मेन्झिस, इटलीचा, पोर्तुगालचा, स्वीडनचा, ग्रीसचा, बेल्जियमचा, सगळे या साखळीत होते.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हा जकात नाकाच झाला. महाराष्ट्रात शहराच्या वेशीवर ट्रकांच्या रांगा आपण वर्षानुवर्षं पाहिल्या. २०१३ मध्ये बहुतेक महापालिकांची आणि २०१७ मध्ये मुंबईची जकात गेली. युरोपातल्या सरकारांनी १९९३ पासून आपापसातले असले नाके उठवून एकच बाजारपेठ केली होती. सरकारनं उठवलेले नाके एका खेळण्याच्या कंपनीनं खासगीत चालू ठेवले, हा त्या खटल्याचा मथितार्थ. निन्टेन्डोचा जगप्रसिद्ध नायक मारिओ हा इटालियन प्लंबर. आणि दंड जाहीर केला तेव्हा आयोगाचे स्पर्धाविषयक आयुक्त होते मारिओ मोंटी, तेही इटालियनच! २००९ मध्ये न्यायालयानं निन्टेन्डोचा दंड कमी करून ११ कोटी ९० लाखांच्या घरात आणला, पण दोष कायम राहिला. मला मात्र एक गोष्ट सलते. दंड तिजोरीत गेला. सात वर्षं जास्त पैसे मोजणाऱ्या जर्मन आणि डच आईबापांच्या हातात त्यातलं काही आलं नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतही, दुकानदारांना किंमत कमी करू न दिल्याच्या आरोपावरून, निन्टेन्डोचा सरकारशी समेट झाला होता. तिथे गिऱ्हाइकांना ५ डॉलरच्या सवलत-चिठ्ठ्या मिळाल्या. त्या वापरायच्या कुठे? पुन्हा निन्टेन्डोच्याच खरेदीवर!

नाका वेशीवर नसला, तर तो यंत्राच्या पोटात बसवता येतो. निन्टेन्डोच्या सुपर एनईएस या यंत्राच्या अमेरिकन आवृत्तीत खाचेच्या आत प्लास्टिकचे दोन दात होते. जपानी कॅसेट त्यांना अडकायची. पोरांनी पकडीनं ते दात उपटले आणि जपानी खेळ चालू झाले! युरोपची कथा आणखी वाईट. तिथल्या टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा उमटे, जपान-अमेरिकेत ६० वेळा. खेळ बनवणाऱ्यांनी बरेचदा ती दुरुस्ती करायची तसदी घेतली नाही, त्यामुळे युरोपातल्या मुलांचे कित्येक खेळ सहाएक टक्के नव्हे, चांगले सोळा-सतरा टक्के संथ चालत. दाम जास्त आणि पळणारा नायक रांगणारा.

आपल्याकडे या यंत्रांचं अधिकृत दुकान फार उशिरा उघडलं. नव्वदच्या दशकात आपल्या मुलांनी खेळले ते तैवान-चीनकडच्या नकली यंत्रांवरचे कॅसेटवाले खेळ. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असे आणि आत दहा-वीस खेळ पुन्हापुन्हा फिरत. असली माल यायचा तो आखातातून. आमच्या कोकणात घरटी एखादा माणूस तिकडे. माझ्या खालाच्या मुलानं दुबईहून असं एक यंत्र आणलं होतं. त्याची तीन चौकोनी पायांची पिन आमच्या भिंतीत शिरेना, म्हणून आधी बाजारात जाऊन जोड-पिन आणावी लागली. वर्षभराच्या आत ते बिघडलं. दुरुस्तीच्या दुकानात उत्तर मिळालं, की हमी विकत घेतलेल्या देशातच चालते. माणूस पासपोर्टावर शिक्का मारून घरी येऊ शकतो, यंत्राला तीही सोय नाही.

पुढे सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात अधिकृतपणे आलं, १९,९९० आणि २३,९९० रुपयांना. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ आलं ते ३९,९९० रुपयांना. त्या वेळच्या दरानं साडेनऊशे डॉलरच्या आसपास. अमेरिकेत महागातलं यंत्रही ५९९ ला होतं. इथे आयात शुल्क आणि इतर करांचा वाटा मोठा, हे मान्य केलंच पाहिजे. सरकारंही या यंत्राकडे चैनीची वस्तू म्हणून पाहतात. आपल्याकडे जीएसटी आला तेव्हा कन्सोलवर २८ टक्के होता, जानेवारी २०१९ पासून तो १८ झाला. ब्राझीलमध्ये तर २०१३ साली प्लेस्टेशन ४ ची किंमत ३,९९९ रियाल जाहीर झाली, म्हणजे १,८०० डॉलरच्या वर. अमेरिकेत तेच ३९९ डॉलरला होतं. ओरड झाल्यावर सोनीनं हिशोब मांडला, की यातला साठ टक्क्यांहून जास्त भाग करांचा आहे.

आणि आता तो जुना अलिखित करारही मोडला आहे. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आलं. पूर्वीच्या रीतीनं पाच वर्षांत ते निम्म्यावर यायला हवं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपात आणि सप्टेंबरात जपानात ते महागलं, नोव्हेंबरात भारतात ४९,९९० चं ५४,९९० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही ५० डॉलरनं चढलं. २०१७ सालचं निन्टेन्डो स्विच आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, अमेरिकेत २९९ वरून ३३९ वर गेलं. चलनांची पडझड, सुट्या भागांची महागाई आणि अमेरिकेचं नवं आयात शुल्क या सगळ्यांचा तो काळ. 'थांब बाळा, दिवाळीपर्यंत उतरेल' असं मुलाला सांगणारा बाप त्यात खोटा ठरला.

जून २००२ मध्ये कुणाला सुचली नसती अशी एक युक्ती जून २०२५ मध्ये जपानात आली. येन घसरल्यामुळे जपानातली यंत्रं परदेशी गिऱ्हाइकांना स्वस्त पडू लागली होती. निन्टेन्डोनं स्विच २ च्या दोन आवृत्त्या काढल्या. अनेक भाषा येणारं यंत्र ६९,९८० येनला आणि फक्त जपानी येणारं ४९,९८० ला. जपानच्या खात्याशिवाय ते स्वस्त यंत्र चालत नाही. आत कळ तीच, पडदा तोच, वीस हजार येनचा फरक भाषेचा.

मी आयुष्यभर भाषेला पूल समजत आलो. घरी एक बोली, शाळेत मराठी, आणि कविता मराठीत, असा माझा प्रवास त्याच पुलावरून झाला. त्याच भाषेची भिंत करून तिच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा लावता येतो, हे वाचून क्षणभर बरं वाटलं नाही. पण त्यातली दुसरी बाजूही न्याय्य आहे: पगार येनमध्ये मिळणाऱ्या जपानी घराला त्याच्या ऐपतीत ते यंत्र मिळालं. भिंत कुणाच्या सोयीसाठी उभी आहे, ते पाहायला हवं. नव्वदच्या दशकातली युरोपातली भिंत जर्मन मुलाला स्वस्त मालापासून दूर ठेवत होती. आजची भिंत जपानी मुलासाठी थोडा माल राखून ठेवते, आणि कंपनीचा बाहेरचा भावही राखते.

म्हणून एखाद्या वस्तूवरची चिठ्ठी वाचताना मनात तीन रकाने पाडावेत. वाहतुकीचे किती, सरकारचे किती, आणि आपण दुसरीकडून घेऊ शकत नाही म्हणून लावलेले किती. पहिल्या दोन रकान्यांची पावती मागता येते. तिसऱ्याची पावती कुणी देत नाही. युरोपात ती मिळवायला आयोगाला काही वर्षांची चौकशी आणि एक खटला करावा लागला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)